तिसरं पेडल

एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवून बाई निवृत्त झाल्या, तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकानं त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. बाईंनी ते घरी आणलं, खिळ्याला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शोरूममध्ये जाऊन, साठवलेल्या पैशांत मिळेल तेवढी जास्तीत जास्त ताकदीची गाडी घेऊन टाकली. घरी विचारलं नाही, कुणाचा सल्ला घेतला नाही. सल्ले देण्यात सगळं आयुष्य गेलेल्या माणसाला दुसऱ्याचा सल्ला नकोसा होतो.

लोक त्यांना तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे क्लचबाई. बाईंना दोन्ही नावं ठाऊक होती, आणि दुसरंच जास्त आवडायचं. रस्त्यावर समोरून येणाऱ्या दर दोन गाड्यांपैकी एकीचा चालवणारा त्यांच्या हाताखालून गेलेला असायचा. त्यांची एक पद्धत होती. शिकायला आलेल्या माणसाला तीन दिवस काही म्हणायचं नाही, फक्त बघायचं, आणि चौथ्या दिवशी त्याच्या खोडीवरून त्याचं बारसं करायचं. रस्त्यापेक्षा स्वतःचा चेहरा जास्त बघणारा तो आरसा. पायी चालणाऱ्या प्रत्येकाला काचेआडून हात जोडणारी ती माफ करा. क्लच दणकन सोडून गाडीसकट सगळ्यांच्या माना हलवणारा तो गचका. पोटच्या मुलालाही त्यांनी सोडलं नव्हतं. तो खेचलेला हँडब्रेक तसाच ठेवून गाडी हाकायचा, जळका वास येईपर्यंत. म्हणून तो हँडब्रेक. पुढे तो विमा कंपनीत लागला, अपघातातल्या गाड्या बघून अहवाल लिहायला लागला, आणि बाईंना वाटलं, आपण नाव फारच बरोबर ठेवलं.

आता स्कूलच्या गाडीबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शिकणारा चाकामागे बसतो, त्याच्या पायाशी तीन पेडल असतात. डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक, उजवीकडे ऍक्सिलरेटर. शिकवणारा शेजारच्या सीटवर बसतो, आणि त्याच्याही पायाशी जोडपेडल बसवलेली असतात, पण दोनच. डाव्या पायाखाली क्लच, उजव्या पायाखाली ब्रेक. तिसरं नसतं. बाईंनी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मालकाला विचारलं होतं, तिसरं का नाही? मालक हसला होता. "मॅडम, तुम्हाला गाडी थांबवता आली म्हणजे झालं. पळवून काय करायचंय?"

तेव्हा बाईंचा नवरा जाऊन पाच महिने झाले होते आणि मुलगा चार वर्षांचा होता. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. एकतीस वर्षं त्यांचा उजवा पाय ब्रेकवर राहिला. शाळेतून सुटलेली पोरं, उलटे येणारे सायकलवाले, मध्येच उघडणारी दारं, सगळ्यांसाठी तो पाय विजेसारखा खाली गेला आणि एकाही माणसाला खरचटलं नाही. दिवसाचा शेवटचा विद्यार्थी त्यांना घराच्या कोपऱ्यावर सोडायचा, तिथून मालकाचा भाऊ गाडी घेऊन जायचा. सुट्टीला कुठे जायचं तर गाडी मुलाची आणि चालवणारा मुलगा. गावाला गाडी शिकवता शिकवता स्वतः चालवायचं राहूनच गेलं. हे त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. बोलून काय, लोक हसले असते.

गाडी आली. बाहेरून पाहाल तर बाजारातून भाजी आणायची गाडी, पाच दारं, राखाडी रंग, मागे बेताची डिकी. आत मात्र अडीचशे घोड्यांची ताकद. सून फाटकाशी उभी राहून म्हणाली, "आई, रंग छान आहे." मुलानं पुढचं झाकण उघडून आत पाहिलं, आणि डॉक्टर एक्स-रे बघताना गप्प होतात तसा गप्प झाला.

शोरूममधल्या विक्रेत्यानं सांगितलंच होतं. "मॅडम, स्वस्तात एवढी ताकद द्यायची म्हणजे ती सगळी पुढच्या दोन चाकांना द्यावी लागते. त्यांनीच ओढायचं, त्यांनीच वळायचं. एकदम दाबलंत तर चाकं जागच्या जागी फिरतात आणि स्टिअरिंग हातातून निसटायला बघतं. जरा सांभाळून." त्याला काय ठाऊक, समोर कोण बसलंय! बाईंनी त्याला अर्धा तास बसवून क्लच कसा सोडायचा ते समजावलं.

आठव्या दिवशी गाडी समोरच्यांच्या कुंपणात गेली.

समोर एक रिटायर्ड बँकवाले राहायचे. भिंत त्यांची, शेवंतीच्या कुंड्या त्यांच्या, आणि सांगायला तोंडही त्यांचंच. बाई फाटकातून बाहेर वळत होत्या, चालण्याच्या वेगानं. डावीकडून एक स्कूटरवाली अचानक आली. एवढंच. पुढच्या क्षणी इंजिन किंचाळलं, चाकांनी धूर काढला, गाडी वाकडी उसळली आणि चार कुंड्या घेऊन भिंतीला भिडली. स्कूटरवाली केव्हाच निघून गेली होती. तिला तर कळलंही नाही.

कुणाला लागलं नाही. गाडीचा दिवा आणि बंपर गेला, भिंतीच्या पाच विटा गेल्या. पण बाई चाकामागे तशाच बसून राहिल्या, आणि त्यांना आपल्या उजव्या पायाकडे बघवेना. काय झालं ते त्यांना लख्ख कळलं होतं. स्कूटर दिसली, आणि पाय गेला, विजेसारखा, जिथे एकतीस वर्षं ब्रेक होता तिथे. फक्त सीट बदलली होती. या सीटवर उजवीकडे ब्रेक नव्हता.

मुलगा कामावरून धावत आला. भिंत बघितली, टायरचे काळे पट्टे बघितले, पट्टे डावीकडे कसे वळलेत ते बघितलं आणि सुस्कारा सोडला. पुढे जे बोलला ते मायेनं बोलला, हे बाईंनाही मान्य आहे. "आई, तुझा काही दोष नाही. या गाड्या असतातच अशा. दाबलं की ओढतात. माझ्याकडे दर महिन्याला दोन-तीन येतात. आपण ही काढून टाकू."

बाईंच्या जिभेवर खरं आलं होतं. पण समोर बँकवाले, त्यांची बायको, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, तिकडून चाललेली माफ करा, सगळे उभे. ड्रायव्हिंग शिकवणारीचं पेडल चुकलं! बाई खोटं बोलल्या नाहीत. पण गप्प बसल्या. त्या गप्प बसण्यामुळे त्यांच्या घशाखाली पुढे आठ दिवस घास उतरला नाही.

तेवढ्या दिवसांत गाडी दुरुस्त होऊन आली, चावी मुलाच्या कपाटात गेली, आणि गाडी वाईट असल्याचं घरादारात पक्कं झालं. फोनवर नातेवाईक तेच म्हणायचे, बाई, बरं झालं थोडक्यात निभावलं, त्या गाड्याच वाईट. बँकवाले तर दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला त्या गाड्यांचं शास्त्र समजावून सांगायचे. सायकलसुद्धा न चालवलेला माणूस! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण खरं बोलायचं तर स्वतःचंच नाव पुढे करावं लागत होतं.

मग एका दुपारी सुनेला स्वयंपाकघरातून आवाज आला. थप, थप, थप. तिनं डोकावून पाहिलं. सासूबाई खुर्चीत ताठ बसलेल्या, हातात ताट चाकासारखं धरलेलं, आणि पायाशी तीन चपला ओळीनं मांडलेल्या. घरभरातल्या तीन वेगवेगळ्या चपला, मधली सुनेची.

"आई, काय चाललंय?"

"तू मला दचकव," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"काहीतरी पाड. ओरड. मी सावध नसताना. आणि बघ, माझा उजवा पाय कुठल्या चपलेवर जातो."

सुनेनं आधी हसून घेतलं. मग बाईंचा चेहरा बघितला आणि हसणं आवरलं. तिला सगळं कळलं. त्या दिवसापासून ती पातेल्याची झाकणं पाडायला लागली. बाई वर्तमानपत्र वाचताना, भाजी निवडताना, फोनवर बोलताना, धाडकन! पहिल्या दिवशी बाराच्या बारा वेळा पाय उजव्या चपलेवर गेला. दुसऱ्या दिवशी दहा वेळा. पाचव्या दिवशी निम्म्याच वेळा. सहाव्या दिवशी बाईंनी सुनेला सांगितलं, "एवढ्या लवकर सुटायची नाही ही सवय. पण आता ती कोण आहे ते मला कळलंय."

शनिवारी मुलगा जेवताना म्हणाला, "गिऱ्हाईक मिळालंय. तुझाच विद्यार्थी. मोटारक्लबवाला. उद्या सकाळी जुन्या धावपट्टीवर गाडी पळवून बघणार आणि तिथूनच घेऊन जाणार."

"कोण?"

"तू त्याला गचका म्हणायचीस."

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मी येणार."

"आई, तू कशाला..."

"गाडी माझ्या नावावर आहे. सही माझी लागणार. येणार."

जुनी धावपट्टी म्हणजे विमानं उतरायची बंद झालेला लांबलचक सिमेंटचा रस्ता. भेगांतून गवत आलेलं, मधल्या पट्ट्यावर नंतर कधीतरी डांबराचा गुळगुळीत थर दिलेला. रविवारी मोटारक्लबची मंडळी तिथे आपापल्या गाड्या पळवायची. जाग्यावरून सुटून ताशी शंभरचा वेग गाठायला किती सेकंद लागतात, एवढीच स्पर्धा. मोजायला काचेवर चिकटवायची एक छोटी डबी होती आणि ती सांभाळणारा एक गंभीर माणूस, ज्याला सगळे घड्याळवाला म्हणत.

गचका आता पस्तिशीचा झाला होता, पोट सुटलं होतं, पण बाईंना बघताच त्यानं नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं. "मॅडम! तुम्ही? बसा ना शेजारी. तुमच्या जागेवर."

ते 'तुमच्या जागेवर' बाईंना चांगलंच लागलं. पण बसल्या.

गचक्यानं डबी चिकटवली, एक बटण दाबून चाकांना आवरणारी यंत्रणा बंद केली ("असली बटणं म्हाताऱ्यांसाठी, मॅडम, म्हणजे तुम्हाला नाही म्हटलं") आणि रंगवलेल्या पांढऱ्या रेषेवर, गुळगुळीत डांबरावर गाडी उभी केली. इंजिन घुमवलं. बाईंच्या तोंडून आपसूक निघालं, "हळू सोड. हळू..."

दणकन! पंधरा वर्षांत काडीचा फरक नाही. चाकं जागच्या जागी गरगरली, काळा धूर, रबराचा वास, गाडीचं नाक एकदा इकडे, एकदा तिकडे, गचका चाकाशी झोंबतोय, आणि बाईंचा उजवा पाय समोरच्या मोकळ्या जागेत जोरात दाबलेला. तिथे काहीच नव्हतं. आठ पूर्णांक दोन सेकंद. कंपनीच्या कागदावर साडेसहा लिहिलेलं.

दुसऱ्या वेळी बाई उतरून उभ्या राहिल्या. सात पूर्णांक नऊ. तिसऱ्या वेळी आठ पूर्णांक एक, आणि गाडी पट्ट्याच्या कडेला गवतात. क्लबवाले हसत होते. एकजण म्हणाला, "पुढच्या चाकांनी ओढायची गाडी म्हणजे घोडे दणकट, पण उभे केलेत निसरड्यावर." सगळ्यांना फार आवडलं ते.

गचका घाम पुसत आला. "ऐकलं होतं तसंच आहे. गाडीच खोटी. पण इंजिन झकास आहे हो. मी असं करतो, इंजिन काढून माझ्या मागच्या चाकांनी पळणाऱ्या गाडीत बसवतो. हा सांगाडा भंगारात."

मुलगा समजूतदारपणे मान हलवत होता. "बघ आई. यालासुद्धा आवरली नाही. मी म्हणत नव्हतो, तुझा काही दोष नव्हता म्हणून? गाडीच तशी."

आता मात्र बाईंचा संयम सुटला. पंधरा दिवस गिळलेलं सगळं वर आलं.

"गाडीला काही बोलायचं नाही!" आवाज असा लागला की घड्याळवाल्यानं मान वर केली. "ऐका सगळे. भिंतीत गाडी मी घातली. गाडीनं ओढलं म्हणून नाही, स्टिअरिंग निसटलं म्हणून नाही. स्कूटर दिसली आणि मी ब्रेक समजून ऍक्सिलरेटर दाबला. पूर्ण! एकतीस वर्षं माझ्या उजव्या पायाखाली ब्रेक होता, तिथे पाय गेला. चूक माझी. मी पंधरा दिवस गप्प बसले कारण मला लाज वाटली. आता वाटत नाही. पण माझ्या चुकीसाठी हिला भंगारात घालू देणार नाही मी."

मग मुलगा जवळ आला, आवाज खाली आणून बोलला. "आई, मग तर अजिबातच नको. तू काय बोलतेयस ते कळतंय का तुला? पेडल चुकलेल्या गाड्या रोज बघतो मी. आत मागे राहिलेल्या चपला बघतो. मला भीती वाटते गं."

त्याचे डोळे खरंच भरले होते. बाईंना वाईट वाटलं, फार वाटलं. पण माया वेगळी आणि माघार वेगळी.

"मलाही वाटते," त्या म्हणाल्या. "घाबरलेल्या चार हजार माणसांना मी गाडी शिकवलीय. एकालाही म्हटलं नाही, घाबरतोस तर घरी बस. आता स्वतःला म्हणू?" आणि त्या गचक्याकडे वळल्या. तळहात पुढे केला. "उतर."

तो उतरलेलाच होता. तरी तो दोन पावलं मागे सरकला आणि चावी मुकाट्यानं हातात ठेवली. सवय कुणाची सुटते लवकर?

बाई लगेच बसल्या नाहीत. आधी धावपट्टीवरून चालत गेल्या, साठ-सत्तर पावलं, खाली बघत. डांबर गुळगुळीत, वर बारीक वाळू. पण डांबराच्या डावीकडे जुनं सिमेंट होतं, खरखरीत, काटेरी. बाईंनी चपलेनं घासून बघितलं. चप्पल घसरली नाही. त्यांनी सिमेंटवरची वाळू टाचेनं बाजूला सारत दोन चाकांपुरत्या दोन वाटा स्वच्छ केल्या. क्लबवाले बघत राहिले. कुणीतरी म्हणालं, "मॅडम झाडू देऊ का?" बाई म्हणाल्या, "दे." त्यानं शोधला, मिळाला नाही, आणि मग तोच टाचेनं झाडायला लागला.

"ताकद काही कमी नाहीये," बाई झाडता झाडता सांगत होत्या. शिकवल्याशिवाय त्यांना राहवत नाही. "उभी बस एकदम सुटली की आतली माणसं मागे जातात की नाही? तसं गाडीचं वजन मागे जातं. पुढची चाकं हलकी होतात. ओढायचं त्यांनी, आणि नेमकी तीच हलकी. म्हणून हिला दणका द्यायचा नाही. जेवढं रस्ता घेईल तेवढंच द्यायचं. रस्ता पकडतोय असं पायाला कळलं की आणखी थोडं."

"कळतं पायाला?" घड्याळवाल्यानं विचारलं.

"डाव्या पायाला माझ्या सगळं कळतं. उजव्याचं बघू."

त्या चाकामागे बसल्या. सीट पुढे घेतली, आरसा नीट केला, गाडी हळूच डावीकडे, सिमेंटवरच्या झाडलेल्या वाटांवर आणून उभी केली. शेजारचं दार उघडलं आणि मुलगा आत बसला. चेहरा पांढरा.

"काय रे?"

"मी येतोय."

"बेल्ट," बाई म्हणाल्या.

गचका खिडकीशी वाकला. "मॅडम, ते बटण चालू करून देऊ? चाकं आवरायचं?"

"राहू दे बंद. तू बंद ठेवलंस, मीही बंद ठेवते."

पहिला गिअर. डावा पाय हळूहळू वर, अगदी त्या जागेपर्यंत जिथे गाडी जरा श्वास घेते, नाक केसभर वर उचलतं आणि पायाखाली थरथर येते. ती जागा बाईंनी हजारो माणसांना दाखवली होती, दुसऱ्यांच्या पायांनी, शेजारून. आज ती त्यांच्या स्वतःच्या पायाखाली होती, आणि उजवीकडे तिसरं पेडल होतं. त्यांनी ते बोटांनी दाबलं, टाच खाली टेकवून, अंगठ्याएवढंच.

गाडी सुटली. धूर नाही, किंचाळी नाही, नुसती ओढ. खरखरीत सिमेंटवर टायर बसले. बाईंनी आणखी दिलं. आणखी. इंजिनचा आवाज वर चढला, पाठ सीटमध्ये रुतली, आणि तेवढ्यात स्वच्छ केलेली वाट संपली. वाळू लागली. चाकं सुटली, इंजिन किंचाळलं, स्टिअरिंगनं डावीकडे हिसका दिला, अगदी त्या दिवशीसारखा.

"आई, ब्रेक!"

मुलगा जीव खाऊन ओरडला. एकतीस वर्षांत हा शब्द ऐकून बाईंचा पाय खाली गेला नाही असं एकदाही झालं नव्हतं. आताही पाय निघाला. बाईंना तो निघताना कळला. मांडीतून, गुडघ्यातून, ती जुनी वीज खाली आली, आणि त्यांनी तिला घोट्यात अडवलं. तू आहेस होय, ओळखलं तुला. पाय खाली गेला नाही. उलट केसभर वर आला. नुसता केसभर.

चाकांना रस्ता सापडला. बाईंनी दोन्ही हातांनी चाक सरळ धरलं, गाडी सरळ झाली, आणि मग त्यांनी दिलं, रस्ता जेवढं घेत होता तेवढं सगळं. दुसरा गिअर असा गेला की मान हललीच नाही. कडेचं गवत रेषा झालं. बाई ओरडत होत्या का हसत होत्या ते त्यांनाही कळलं नाही. डबीनं पिप्प केलं, शंभर. बाईंनी उजवा पाय उचलला, डावीकडे नेला, मधल्या पेडलवर ठेवला आणि दाबला. मऊ, सरळ. पाय शहाण्यासारखा तिथेच राहिला. धावपट्टीच्या शेवटी गाडी थांबली, तेव्हा मुलाच्या नाकावरचा चष्मासुद्धा घसरला नव्हता.

डबीवर आकडा होता, सहा पूर्णांक सात. गचक्याच्या सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा एक पूर्णांक दोन सेकंद कमी. मागून, लांबून, आरडाओरडा ऐकू येत होता. गचका डोक्यावर हात ठेवून उभा होता. बाईंनी आरशात बघितलं आणि ठरवलं, सही बिही काही होणार नाही, गचक्याला सांगायचं, दुसरं घर बघ.

शेजारून आवाज येईना. बाईंनी वळून पाहिलं. मुलगा ताठ बसला होता. एका हातात दाराचं हँडल, दुसरा हात सीटला, आणि उजवा पाय समोरच्या मोकळ्या फरशीवर दाबलेला, इतका की बूट वाकला होता. गाडी थांबून मिनिट होत आलं तरी पाय दाबलेलाच.

बाईंनी त्या पायाकडे बघितलं. हँडब्रेक म्हणून त्याची इतकी वर्षं टिंगल केली, पण तो पाय कुणाचा होता ते आज दिसलं. तो त्यांचाच होता. चार वर्षांचा असल्यापासून त्यानं आईला ब्रेकच दाबताना बघितलं होतं. त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सोड आता. दाबून उपयोग नाही. त्या सीटवर मी एकतीस वर्षं बसले. तिथे फक्त ब्रेकच असतो, आणि या गाडीत तोही नाही."

मुलानं पायाकडे बघितलं. हळूहळू पाय सैल केला. चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"सहा पूर्णांक सात," तो शेवटी म्हणाला. "कागदावर साडेसहा लिहिलंय ना?"

"वाळू आली मध्ये," बाई म्हणाल्या.

"पुढची वाट पण झाडली तर?"

बाईंनी गाडी वळवली. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला क्लबवाले अजून हात हलवत होते. त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच, झाडलेली वाट संपली होती तिथे, मुलानं गाडी थांबवायला लावली, उतरला, आणि नवे कोरे बूट घातलेल्या पायानं वाळू बाजूला सारायला लागला.